गावभागातून विश्रामबागेत : एका बिऱ्हाडाच्या स्थलांतराचं प्रकरण

सांगलीच्या नदीकाठच्या गावभागातलं, माळा असलेलं जुनं घर सोडून शहरातल्याच विश्रामबाग भागात चौथ्या मजल्यावरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये जायचं, एवढीच गोष्ट. माणसं पाच. माझी आत्या (वय ७८), तिचा मुलगा म्हणजे आमचा दादा, वहिनी, दहावी दिलेली मुलगी आणि सातवीतला मुलगा. मी मिरजेला राहते आणि घरात वही-पेन घेऊन बसायची खोड माझीच, म्हणून हिशोबाची आणि याद्यांची वही आपोआप माझ्याकडे आली. हे प्रकरण त्या वहीवरून लिहिलं आहे.

घर हलवायचं म्हटलं की सगळे आधी टेम्पोवाल्याला फोन करतात. इथेही तेच झालं. प्रत्यक्षात वाहतूक हा यातला सगळ्यात सोपा भाग निघाला. घोडं अडलं ते दोन ठिकाणी : तारीख ठरवताना आणि माळा उतरवताना.

तारीख

ताबा गुढीपाडव्याला, १९ मार्चला मिळाला. दादाचं म्हणणं, मे अखेरीस निवांत जाऊ. मुलाची परीक्षा एप्रिल संपेपर्यंत चालणार होती. वहिनीचं वाळवण व्हायचं होतं. कुरडया, सांडगे, उपासाचे पापड हे सगळं जुन्या घराच्या गच्चीवर हक्काने पसरता येतं. नव्या इमारतीत गच्ची सामाईक, तिथे कुणाच्या परवानगीने चादरी अंथरायच्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आत्याने पंचांग काढलं आणि मे अखेर एका वाक्यात निकालात काढली. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. धोंड्याच्या महिन्यात वास्तुशांत नाही की नव्या घरात बिऱ्हाड नाही. अधिक संपेपर्यंत मृग लागून गेलेला. म्हणजे गाद्या-कपाटं भर पावसात बोळातून काढायची, आणि पुढे आषाढात नदीकडे डोळे लावून बसायचं.

दादा हे मानत नाही. पण माझं मत विचाराल तर या तारखेने जे काम केलं ते दादाच्या कुठल्याही वेळापत्रकाने केलं नसतं. सुतार, ग्रिलवाला, रंगारी यांना 'लवकर करा' म्हणून काही होत नाही, तिघांचाही आठवडा रबरी असतो. '१७ तारखेला धोंडा लागतोय' म्हटल्यावर मात्र सुतार समजून गेला. त्याच्याही घरी त्या महिन्यात जावई यायचा होता, त्यालाही कामं त्याआधीच हातावेगळी करायची होती. किचनच्या ट्रॉल्या ठरलेल्या दिवशी लागल्या, हे मी सांगलीत पहिल्यांदाच पाहिलं.

मग दोन टप्पे केले. वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला, १९ एप्रिलला. त्या दिवशी रविवार होता, पाहुण्यांचीही सोय झाली. सामान ७ मेला, गुरुवारी. वाळवण मधल्या दिवसांत जुन्याच गच्चीवर उरकलं, नेहमीच्या निम्मं. लोणचं मात्र नव्या घरात, पाऊस पडून कैरी भरली की, असं ठरलं.

वास्तुशांतीनंतर त्या घरात एक रात्र दिवा ठेवून झोपावं, असं गुरुजींनी सांगितलं. पाचही जण सतरंज्या टाकून झोपले. आख्ख्या नियोजनात सगळ्यात उपयोगी ठरली ती ही रात्र. त्या रात्रीतच कळलं की आत्यासाठी ठरवलेली खोली पश्चिमेची आहे आणि भिंत रात्री दहापर्यंत हाताला गरम लागते. दोन्ही खोल्यांची तिथल्या तिथे अदलाबदल झाली. बाथरूमच्या उंबऱ्याला आत्याचा पाय दोनदा अडखळला, तिथे कठडा हवा हे दिसलं. मोबाईल चार्जिंगला लावायचं बटण पलंगाच्या मागे जाणार होतं, इन्व्हर्टरला जागाच सोडलेली नव्हती, पाण्याचा दाब सकाळी सहाला बरा आणि साडेसातला नुसती धार. फ्लॅट पाहायला दहा वेळा गेलं तरी या गोष्टी कळत नाहीत, कारण पाहायला आपण दिवसा आणि उभ्याने जातो. सामान येण्याआधी वायरमनला अडीच आठवडे मिळाले ते या रात्रीमुळे.

माळा

गावभागातल्या घराला सामान हलवायची सवय नाही असं कोण म्हणेल? आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. आत्याच्या घरात ४० ची वाट बघत नाहीत. कोयनेतून किती सोडलं आणि आलमट्टीत काय चाललंय याच्या बातम्या सुरू झाल्या की धान्याच्या कोठ्या वर, गाद्या वर, कागदांची ट्रंक वर. २००५ ला हे केलं, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं तेव्हा केलं, २०२१ ला केलं. कोण कुठल्या पायरीवर उभं राहील, दोर कुणाकडे, फ्रिज कशावर चढवायचा, सगळं ठरलेलं.

त्यामुळे दादा मोठ्या विश्वासाने म्हणाला, "आपल्याला काय शिकवायचं यात?" बांधाबांधीत त्यांना खरोखरच कुणी शिकवायला नको. फक्त त्या सवयीत एकच क्रिया होती : वर न्या. वर गेलेली वस्तू खाली आणायची म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वर न्यायची, मग कशाला आणा? प्रत्येक पुरानंतर थोडं थोडं माळ्यावरच राहत गेलं. तांब्याचा बंब, दोन घंगाळी, लाकडी पाळणा, लग्नकार्याच्या सतरंज्या, पितळी डब्यांची उतरंड, बंद पडलेले टेबलफॅन, भिजून फुगलेली पुस्तकं आणि दादाच्या पुण्याच्या भावाची कुलूपबंद ट्रंक.

सुरुवात नेहमीच्या पद्धतीने झाली. तीन ढीग : न्यायचं, द्यायचं, टाकायचं. संध्याकाळी पहिला ढीग छताला, दुसऱ्यात दोन स्वेटर, तिसऱ्यात एक फुटकी बादली. सकाळी बादलीही पहिल्या ढिगात गेलेली होती, 'झाडाला होईल' म्हणून. ही पद्धत वाईट नाही, पण तिच्यात प्रत्येक वस्तूवर स्वतंत्र खटला चालतो आणि आरोपीच्या बाजूने बोलणारं कुणी ना कुणी घरात असतंच.

मग उलटीकडून सुरुवात केली. नव्या घरात जागा कुठे कुठे आहे, एवढीच यादी काढली. स्वयंपाकघरातला माळा, बाथरूमवरचा माळा, तीन कपाटं, पलंगाखालचे दोन कप्पे, बाल्कनीतला कोपरा. प्रत्येकाची लांबी-रुंदी-खोली वहीत. आता प्रश्न 'हे न्यायचं का?' असा उरला नाही, 'या जागेत काय ठेवू?' असा झाला. बाथरूमवरचा आख्खा माळा आणि एक कपाट आत्याच्या नावावर केलं. त्यात तिने काय ठेवावं हे कुणी विचारायचं नाही, आणि त्याबाहेर तिची वस्तू जाणार नाही.

ही वाटणी वहिनीची कल्पना. भांडण मिटलं ते इथे. आत्याने स्वतः माप घेऊन निवड केली आणि ती आमच्या अंदाजाला धरून अजिबात नव्हती. पाटा-वरवंटा तिने बिनबोभाट शेजारच्यांना दिला. पाळणा भाचीकडे गेला. घंगाळी नकोत म्हणाली. ठेवला तो कंदील आणि पुराच्या वेळचा जाड दोर. चौथ्या मजल्यावर दोर कशाला, हे नियमाप्रमाणे कुणी विचारलं नाही.

बंब मोडीत द्यायचं ठरल्यावर भांडीवाल्याकडे आत्या जातीने गेली. तो आधीच म्हणाला, आतली लोखंडी जाळी काढून वजन धरणार. ते तिला मान्य. मग त्याने बंब उलटा करून आत बोटाने खरवडलं, पांढरा चुरा तळहातावर घेतला आणि क्षाराची घट म्हणून दोन किलो सांगितली. आत्याने तिथेच पायरीवर बसून हातोडीच्या दांड्याने बंबाला बाहेरून टिचक्या मारायला सुरुवात केली. वाटीभर क्षार पडला. तो तराजूत टाकायला लावला. पावशेरही भरला नाही. घट पाव किलोवर आली. त्याच तराजूवर मग घंगाळीही गेली, घट न धरता.

कपड्यांच्या बाबतीत मात्र बोहारीण आली आणि जुन्या साड्यांच्या बदल्यात एक मोठं स्टीलचं पातेलं ठेवून गेली. आपण भांडी कमी करतोय हे वहिनीला बोहारणीची पाठ वळल्यावर आठवलं.

मापं

लिफ्टचं माप आधी घ्यावं, हे सगळे सांगतात आणि घेतं कुणी नाही. इमारतीची लिफ्ट सहा माणसांची, आत पाटीवर ४०८ किलो लिहिलेलं. माणशी ६८ किलो धरून हा आकडा येतो. म्हणजे वजनाची चिंता नव्हती, चिंता दाराची. घरातलं लोखंडी कपाट साडेसहा फुटी, म्हणजे १९८ सेंटिमीटर. लिफ्टचं दार २०० सेंटिमीटर उंच, ८० रुंद. कपाटाची रुंदी ९१, तेव्हा ते समोरून जाणार नाही, बाजूने जाईल. उंचीत दोन सेंटिमीटर सुटतात, पण कपाट जरा तिरकं झालं की तेही सुटत नाहीत, आणि हमाल कपाट नेहमी तिरकं करूनच उचलतो. उपाय साधा होता. कपाटाखालचे लाकडी ठोकळे काढायचे, लिफ्टच्या दारापर्यंत उचलून आणायचं, तिथे उभं टेकवायचं आणि घडी घातलेल्या चादरीवरून आत सरकवायचं. हे ७ मेच्या उन्हात, लिफ्ट अडवून ठेवल्याबद्दल ओरडणाऱ्या शेजाऱ्यासमोर सुचलं नसतं.

सागवानी पलंगाचं डोक्याकडचं फळकूट लिफ्टमध्ये बसणार नाही हे कागदावरच दिसलं. ते जिन्याने. हमालांचा भाव जिन्याला मजल्यागणिक असतो, म्हणून तो एक नग आधीच वेगळा बोलून ठेवला. आयत्या वेळी बोलला असता तर दुप्पट झाला असता.

झोपाळ्याचं दुःख वेगळं. जुन्या घरात तुळईला कड्या होत्या. इथे स्लॅबला भोक पाडायला सोसायटी तयार नाही, आणि सळया कुठून गेल्यात ते माहीत नसताना पाडूही नये. झोपाळा दिला. पितळी साखळ्या आत्याच्या माळ्यावर गेल्या.

यंत्रांचं थोडक्यात. पुढून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला मागे वाहतुकीचे बोल्ट लावून मगच हलवायचं, नाहीतर आतला ड्रम गदगदा हलून खराब होतो. हे बोल्ट लोक मशीन बसवल्यादिवशीच फेकतात. वहिनीने ते वॉरंटी कार्डाच्या पाकिटात ठेवले होते, याबद्दल तिला मानलं पाहिजे. फ्रिज आदल्या रात्री रिकामा करून बंद, नेताना उभा, आणि नेल्यावर काही तास तसाच ठेवून मग सुरू. इन्व्हर्टरची बॅटरीही उभीच, कारण आत ॲसिड. गॅसचं सिलिंडर रेग्युलेटर काढून, टोपी लावून वेगळं.

गाडी आणि माणसं

दर तीन ठिकाणांहून घेतले. दोघांनी फोनवरच सांगितला. घर न बघता दिलेल्या दराला मी दर म्हणत नाही. स्वस्त आकड्यात पलंग खोलणं-जोडणं नव्हतं, बोळातून सामान बाहेर काढणं नव्हतं, विमा तर नव्हताच. महागातल्या पुण्याच्या कंपनीत सगळं होतं, पण त्यांची मोठी गाडी गावभागात कुठे उभी करणार याला उत्तर नव्हतं. त्या बोळात छोटा हत्ती जेमतेम शिरतो, तोही आरसे मिटून.

शेवटी मिश्र व्यवस्था झाली. बोळातून हमरस्त्यापर्यंत छोटा हत्ती, तिथून चौदा फुटी टेम्पो. माणसं मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणारी, ताकदीला तोड नाही. काच, टीव्ही आणि फ्रिजसाठी पॅकिंगचं काम करणारा एक माणूस वेगळा. सामान कशात गुंडाळायचं हे मात्र हमालांवर सोडलं गेलं आणि त्यांनी आपलं नेहमीचं बारदान आणलं. दुपारपर्यंत दोन्ही गाद्यांच्या पांढऱ्या खोळी पिवळ्याधमक. सांगलीची हळद धुण्याने जात नाही. वहिनीने त्या खोळी आता पावसाळ्यात पायपुसण्याला काढल्यात. गाद्यांसाठी जुन्या चादरी आपणच द्याव्यात, हे वहीत नंतर लाल शाईने लिहिलं.

खोक्यांवर 'बेडरूम', 'किचन' असं लिहायचा सल्ला सर्रास मिळतो. इथे तो चालला नसता, कारण बेडरूम दोन आणि त्यांची नुकतीच अदलाबदल झालेली. नव्या घरातल्या दारांवर खडूने अ, आ, इ, ई लिहिलं आणि खोक्यांवर तेच अक्षर तळहाताएवढं, दोन बाजूंना. वरच्या झाकणावर लिहून उपयोग नसतो, खोकी एकावर एक चढली की झाकण दिसत नाही. अक्षरापुढे नंबर, आणि नंबराखाली काय आहे ते वहीत. पुस्तकं लहान खोक्यांत. ताटल्या उभ्या, आडव्या नाहीत. हे काम मुलीने घेतलं, दहावीनंतर तिच्या हाताला तेवढंच काम मिळालं.

सात मे

सोसायटीचा नियम : सामानाची ने-आण सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ७. एक ते चार इमारत झोपते. अनामत रक्कम वेगळी. ती परत मिळाली, दोनदा आठवण करून दिल्यावर.

पहिल्यांदा वाचताना हा नियम जाचक वाटला. मग लक्षात आलं की दिवसाचा आराखडा त्यानेच आखून दिलाय. लिफ्ट भरून वर, रिकामी करून खाली, याला पाच मिनिटं धरली तर तीन तासांत ३६ खेपा. त्यात अवजड वस्तूंची एक खेप दहा मिनिटं खाते. म्हणून सकाळच्या सत्रात फक्त कपाटं, पलंग, फ्रिज, मशीन, गाद्या. सगळी खोकी दुसऱ्या सत्रात, चारनंतर. मधल्या तीन तासांत पलंग जोडून झाला पाहिजे, म्हणजे खोकी येतील तेव्हा आत्याला आडवं व्हायला जागा असेल.

भरणं सकाळी सहाला सुरू झालं. मे महिन्यातल्या सांगलीत नऊनंतर माणसाकडून काम करून घेणं हा गुन्हा आहे. देव सगळ्यात आधी निघाले, आत्याच्या मांडीवर, दादाच्या गाडीत. त्याच गाडीत खरेदीखताची फाईल, दागिने, आत्याची औषधं आणि लोणच्याच्या दोन चिनी मातीच्या बरण्या, दादरा घट्ट बांधून. टेम्पोत बरणी दिली की तेल पाझरतंच. शिवाय एक पिशवी, जी शेवटी भरायची आणि सगळ्यात आधी उघडायची : स्क्रू-ड्रायव्हर, एक्स्टेंशन बोर्ड, एक बल्ब, बादली-मग, काडेपेटी, चहाचं सामान, बेसन-तांदूळ, डासांची उदबत्ती.

बारा वाजता वीज गेली. पावसाळ्याआधीची देखभाल. लिफ्ट अर्ध्या तासाने जनरेटरवर आली, पण इमारतीच्या नियमानुसार जनरेटरवर सामान चढवता येत नाही. एक कपाट आणि वॉशिंग मशीन खाली पार्किंगमध्ये राहिलं ते चारपर्यंत. त्या दिवसाच्या विजेची चौकशी कुणी केली नव्हती. हमालांना चहा आणि भडंग देऊन थांबवलं, त्यांनी पार्किंगच्या सावलीत ताणून दिली. चारला उरलेलं चढलं, सातला दहा मिनिटं कमी असताना शेवटचं खोकं आलं. रात्री पिठलं-भात.

कागदपत्रं

यात सांगण्यासारखं फार नाही, पण क्रम महत्त्वाचा. गॅसचं कनेक्शन वर्ग करायचं काम सामान हलण्याच्या आठवडाभर आधी सुरू केलं, कारण नव्या भागाची एजन्सी वेगळी होती. वीजबिलावरचं नाव आणि घरपट्टीची नोंद खरेदीखत हातात आल्याबरोबर. सोसायटीत सभासदत्व बदलताना हस्तांतरण शुल्काला महापालिका हद्दीत २५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे, हे दादाला माहीत होतं, त्यामुळे 'इमारत निधी'च्या नावाखाली वरचे पैसे मागितले गेले तेव्हा तो शांतपणे लेखी मागणी द्या म्हणाला. लेखी काही आलं नाही. आधारचा पत्ता आधी बदलला, मग बँक, कारण बँक आधारच मागते. मतदार यादीसाठी नमुना ८.

जुनं घर

ते विकलेलं नाही. पूररेषेतलं घर घ्यायला गिऱ्हाईक भावात पाडून मागतं, आणि आत्या हयात असेपर्यंत तो विषय निघणार नाही. वीज ठेवली आहे, किल्ली शेजाऱ्यांकडे, दर रविवारी दादा दारं-खिडक्या उघडून येतो. माळ्यावर आता एकच वस्तू आहे, पुण्याच्या भावाची ट्रंक. तिच्यात काय आहे हे त्यालाही नक्की आठवत नाही. फोनवर म्हणाला, गणपतीत येईन तेव्हा बघू. गणपती यंदा सप्टेंबरच्या मध्यावर आहेत. आत्याने दादाला सांगितलं की १५ जुलैपर्यंत आला नाही तर कुलूप तोड आणि वहीत नोंद करून घे. नोंदीसाठी पान रिकामं ठेवलं आहे.